सेकंडहँड डेस्कटॉप, सिडकोतलं घर आणि अकरा महिने

मार्च २०२५ मध्ये बंद होणाऱ्या एका ऑफिसातून हा डेस्कटॉप नऊ हजारांना घेतला. आय५ फोर्थ जनरेशन प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड), चार-चार जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, सोबत मॉनिटर. मी नाशिकला सिडकोत पवननगरला राहते आणि घरूनच डीटीपीची कामं करते. क्लासच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा. मशीन रोज सात-आठ तास चालतं. अकरा महिन्यांत ते सहा वेळा अडलं. त्यात मदरबोर्ड किंवा प्रोसेसर एकदाही बदलावा लागला नाही. दुरुस्तीचा सगळा खर्च साडेपाच हजारांच्या आत बसला, आणि त्यातला मोठा वाटा एसएमपीएस (भिंतीतली वीज मशीनला लागेल तशी करून देणारा डबा) आणि एसएसडीचा (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क). कुणी विचारलं तर घ्या म्हणेन, पण काही गोष्टी माहीत करून घेतल्यावरच.

जुलैतली गोष्ट आधी सांगते, कारण कॅबिनेट उघडायला मी तेव्हापासून लागले. रात्री साडेनऊला लाइट गेली, पाऊण तासाने आली. बटण दाबलं तर पंखे फिरतायत, पण मॉनिटरवर काही नाही. आतून लांब बीप येत होते. सकाळी आठला क्लासमध्ये दीडशे पेपर द्यायचे होते. ते काम शेजारच्या मुलीच्या लॅपटॉपवर कसंबसं उरकलं आणि दुसऱ्या दिवशी कॅबिनेट घेऊन दुकानात गेले. त्यांनी झाकण न उघडताच सांगितलं, मदरबोर्ड गेला, चार हजार आठशे लागतील. नऊ हजारांच्या मशीनला अर्धी किंमत पुन्हा घालायची, या विचाराने रडू यायचं बाकी होतं. मी कॅबिनेट तसंच परत आणलं.

संध्याकाळी भाच्याला फोन केला. तो डिप्लोमाला आहे. म्हणाला, "मावशी, बीप येतोय ना, मग बोर्ड जिवंत आहे. आधी रॅम काढ." प्लग भिंतीतून काढायचा, मग कॅबिनेटचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं म्हणजे आत साठलेला करंट उतरतो, हात लोखंडाला एकदा टेकवायचा आणि मगच आत घालायचा, हे त्याने तीनदा बजावलं. रॅमच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा बाहेर दाबल्या की ती वर येते. हातात घेतली तेव्हा खालच्या सोनेरी पट्ट्या चमकत नव्हत्या. तीन-चार पट्ट्यांवर तपकिरी डाग होता, बराच काळ न घासलेल्या पितळेसारखा. मुलीच्या कंपासमधला पांढरा खोडरबर घेतला (शाई खोडायचा खरखरीत रबर चालत नाही, तो सोन्याचा थर ओरबाडतो) आणि एकाच दिशेने हलक्या हाताने घासलं. रबर करडा झाला, पट्ट्या उजळल्या. कोरड्या मऊ ब्रशने रबराची भुकटी झाडली, स्लॉटमधूनही ब्रश फिरवला. मग एकच रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवली. दोन्ही क्लिपा 'टक' करून आपोआप बंद झाल्या पाहिजेत. मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच जास्त जोर लागला. बटण दाबलं आणि पडदा उजळला. मग दुसरी रॅमही तशीच पुसून लावली. खर्च शून्य.

त्या दुकानदाराने खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. पण पावसाळ्यात नाशिकच्या हवेत किती दमटपणा असतो हे त्यांनाही माहीत आहे, आणि रॅम काढून पुन्हा लावायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं न देता मदरबोर्ड गेला असं ऐकवणं मला अजूनही चुकीचं वाटतं. बीप किती आणि कसे, याचा अर्थ बायॉसच्या (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) कंपनीप्रमाणे बदलतो, तेव्हा बीप मोजून ठेवा आणि बोर्डाचं नाव टाकून शोधा. बीप अजिबात नसेल तर आधी बोर्डाला छोटा स्पीकर जोडलाय का ते बघा. बऱ्याच कॅबिनेटमध्ये तो नसतोच.

दुसरी गोष्ट घेतल्या दिवसापासूनची, आणि मला सगळ्यात जास्त हीच सांगायची आहे. अनवाणी पायांनी फरशीवर उभं राहून कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला हात लागला की झिणझिण्या यायच्या. पेन ड्राइव्ह लावताना मुलीलाही लागलं. सगळे म्हणायचे, जुन्या कॉम्प्युटरला असं होतंच. होऊ नये. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यातले छोटे कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारे भाग) फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून थोडीशी गळती कॅबिनेटच्या पत्र्यात सोडतात आणि ती अर्थिंगच्या तारेने जमिनीत निघून जायला हवी. अर्थिंगच नसेल तर पत्रा २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतो. करंट अगदी कमी असतो म्हणून फक्त झिणझिण्या, पण खरंच कुठे वायर उघडी पडली तर पत्र्यातला करंट जाणार कुठून? हात लावणाऱ्यातूनच.

ओळखीच्या वायरमनला बोलावलं. मुख्य लाइनमध्ये मीटर घालायला मी गेले नाही, तुम्हीही जाऊ नका. त्यांनी भिंतीचा सॉकेट तपासला: फेज-न्यूट्रल २३१, फेज-अर्थ २२९, न्यूट्रल-अर्थ २ व्होल्ट. म्हणजे घराचं अर्थिंग ठीक. मग एक्स्टेंशन बोर्ड खोलला. वर तीन भोकांचे सॉकेट, आत वायर दोनच तारांची. अर्थची भोकं कशालाच जोडलेली नव्हती. असे बोर्ड बाजारात सर्रास मिळतात, आणि बाहेरून तीन पिनचे दिसतात म्हणून कुणाला शंका येत नाही. साडेसहाशेचा तीन तारांचा बोर्ड आणला, त्या दिवसापासून झिणझिण्या बंद. तुमच्या घरातल्या बोर्डाचा प्लग बघा. दोन पिनचा असेल तर लगेच बदला. तीन पिनचा असला तरी वायर एकदा खोलून तपासून घ्या.

ऑगस्टमध्ये तारीख मागे जायला लागली. रोज सकाळी एफ१ दाबा म्हणायचं, आणि ब्राउझर साइट सुरक्षित नाही असं दाखवायचा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता. चाळीस रुपयांचा सेल, लिहिलेली बाजू वर. झालं. एकदा पडदा काळा राहिला तो मॉनिटरची केबल सैल झाल्यामुळे. त्यावर आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

ऑक्टोबर हीटमध्ये मात्र वीस-पंचवीस मिनिटांनी मशीन अचानक बंद व्हायला लागलं. समोरचा रस्ता दोन महिने खोदलेला होता, दारं-खिडक्या बंद ठेवल्या तरी धूळ यायचीच. प्रोसेसरवरचा पंखा उचलला तर खालच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसला होता, बोटाने सोलून निघेल इतका जाड. प्रोसेसरची उष्णता त्या पात्यांकडे नेणारी मधली पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. कापडाने पुसली, वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावली, चारही पाय वाजेपर्यंत दाबले. एक पाय आधी बसलेलाच नव्हता. बायॉसमध्ये तापमान नव्वदीच्या घरात दिसायचं, ते पन्नाशीच्या आत आलं. ब्लोअर मारताना पंख्याची पाती पेन्सिलने अडवून धरा. हवेने ती वेगाने फिरली तर बेअरिंग खराब होतात आणि पंखा उलट वीज तयार करून बोर्डाकडे पाठवू शकतो.

नोव्हेंबरात, तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची गर्दी सुरू झाली आणि हार्ड डिस्क टिकटिक करायला लागली. इथे मी दुरुस्तीच्या भानगडीत पडले नाही. आवाज ऐकला त्याच दुपारी सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या. नंतर डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामने बघितलं तेव्हा त्याने पिवळा इशारा दिला, बिघडलेल्या सेक्टरांचा (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचा) आकडा वाढत होता. सतराशेची २४० जीबी एसएसडी बसवली. मशीन सुरू व्हायला दोन मिनिटं लागायची, आता वीस सेकंदही लागत नाहीत. खरं तर पहिल्याच दिवशी हे करायला हवं होतं. त्या यादीत सेक्टरऐवजी सीआरसी एररचा (डेटा केबलमधून जाताना होणाऱ्या चुकांचा) आकडा वाढताना दिसला तर मात्र डिस्कवर खापर फोडायच्या आधी डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल बदलून बघा.

जानेवारीतला बिघाड नाशिकच्या थंडीचा. सकाळी साडेसहाला बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा मारून थांबायचा. तिसऱ्या-चौथ्यांदा दाबल्यावर सुरू, मग दिवसभर काही तक्रार नाही. दुपारी कितीही वेळा बंद-चालू करा, पहिल्या दाबात सुरू. एसएमपीएसमधले कपॅसिटर जुने होऊन सुकले की थंडीत त्यांचा जोर आणखी उतरतो, अंगात ऊब आली की ते चालतात. हिरवी आणि काळी तार जोडून एसएमपीएसचा पंखा फिरवून बघायची युक्ती सगळे सांगतात. माझाही फिरला. पण त्यावरून तो लोड घेईल हे कळत नाही. भाच्याने मशीन चालू असताना पिवळ्या तारेवर मीटर लावला, ११.२ व्होल्ट. बारा व्होल्टच्या तारेवर ११.४ च्या खाली जायला नको. सव्वीसशेचा नवा ४५० वॉटचा एसएमपीएस घातला. त्यानंतर एकही सकाळ अडली नाही.

या मशीनची एक अडचण पेचकसाने सुटणार नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि फोर्थ जनरेशनचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. मी वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालेल. बँकेची कामं यावर करणाऱ्यांनी आठव्या जनरेशनचं किंवा पुढचं मशीन बघावं, थोडे पैसे जास्त गेले तरी.

माझ्या जानेवारीतल्यासारखा बिघाड थंड मशीनवरच दिसतो, म्हणून असं जुनं मशीन बघायला जाणार असाल तर सकाळी लवकर जा, आणि विकणाऱ्याला आधीच फोन करून सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. गरम लागला तर चहा घेऊन अर्ध्या तासाने परत या, आणि मग बटण तुम्ही स्वतः दाबा.