वकील की संस्था? पुण्यातल्या अफगाण विद्यार्थ्याने कुणाकडे जावं

व्हिसा संपत आलाय, काबूलला परतण्यात जिवाला धोका आहे आणि ओळखीचं कुणीतरी सांगतं, "एखादा वकील गाठ." २०२१ नंतर पुण्यातल्या अफगाण मुलामुलींना हा सल्ला हमखास मिळतो. देणारे बहुधा घरमालक, प्राध्यापक, वर्गमित्र, म्हणजे आपणच. पण वकील कुठला आणि कशासाठी, हे कुणी सांगत नाही.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे दोन कामं दोन वेगळ्या दारी चालतात. अफगाण अर्जदार निर्वासित ठरतो की नाही, हे यूएनएचसीआर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था, आपल्या दिल्ली कार्यालयातून पाहते. तो भारतात राहू शकतो की नाही, हे गृहमंत्रालय आणि एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या, हातात. एका दारी वाकबगार असलेला माणूस दुसऱ्या दारी नवखा असू शकतो.

पहिल्या कामासाठी माझा कौल सरळ दिल्लीतल्या संस्थांना. सोशियो-लीगल इन्फर्मेशन सेंटर आणि मायग्रेशन अँड असायलम प्रोजेक्ट यांनी या क्षेत्रात बरीच वर्षं काम केलंय. फी नाही, आणि यूएनएचसीआरच्या मुलाखतीत काय विचारतात याचा सराव आहे. गैरसोय एवढीच की त्या दिल्लीत आहेत, कामाचा बोजा मोठा आहे आणि उत्तराची वाट पाहावी लागते. पुण्यातून सुरुवात ईमेल आणि फोनवरच होणार.

हा सराव किती महत्त्वाचा, ते तारखांवरून कळेल. अफगाण कागदपत्रं शमसी, म्हणजे तिकडच्या सौर, पंचांगावर चालतात. तालिबानने काबूल घेतलं तो १५ ऑगस्ट २०२१ म्हणजे २४ असद १४००. जुन्या कागदी तझकिऱ्यावर, म्हणजे तिकडच्या ओळखपत्रावर, बरेचदा जन्मतारीख नसते. "सन १३८५ मध्ये वय ८" एवढीच नोंद. त्यात शमसी वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. १३९९ चा शेवटचा महिना हूत म्हणजे फेब्रुवारी-मार्च २०२१, पण इसवी सन काढायला शमसी वर्षात सरसकट ६२१ मिळवणारा माणूस तो २०२० करून टाकतो. मग लेखी जबानीत भावाला उचलून नेल्याचं वर्ष एक, मुलाखतीत सांगितलेलं दुसरं, आणि खऱ्या हकीकतीवर शंका घेतली जाते. रोज अशा फायली हाताळणाऱ्याच्या नजरेतून हे सुटत नाही. शिवाजीनगर कोर्टातला निष्णात दिवाणी वकील इथे सहज चुकेल, आणि त्यात त्याचा दोष नाही.

मुलाखतीला दुभाषा यूएनएचसीआरच देतं. मुलींना महिला मुलाखतकार आणि महिला दुभाषा मागता येते. हे आधीच कळवावं. अर्ज नामंजूर झाला तर अपिलाला साधारण ३० दिवस असतात, म्हणून पत्र आलं त्याच दिवशी संस्थेला पाठवायचं.

आता खासगी वकील. त्याची गरज दुसऱ्या दारी लागते. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, २०२५ लागू आहे आणि व्हिसाची मुदत उलटून राहिल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. देश सोडण्याची नोटीस आली, पोलिसांनी ताब्यात घेतलं, तर दिल्लीच्या ईमेलची वाट पाहत बसणं परवडत नाही. तिथे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट, म्हणजे सरकारी कारवाईविरुद्ध थेट उच्च न्यायालयात याचिका, करणारा मुंबई उच्च न्यायालयातला वकील हवा. (कोल्हापूरला सर्किट बेंच झालं असलं तरी पुणे जिल्हा मुंबईकडेच आहे.)

कोर्टाकडून अपेक्षा मात्र बेताची ठेवा. १९९६ च्या अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २१ चं, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचं, संरक्षण परदेशी नागरिकालाही दिलं. २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने अनुच्छेद २१ सर्वांना लागू असल्याचं मान्य केलं, पण हद्दपार न होण्याचा हक्क नागरिकांच्या हक्काशी जोडला आणि रीतसर प्रक्रियेने पाठवणी करायला मुभा ठेवली. म्हणजे कोर्टाकडून वेळ मिळू शकतो, संरक्षणही मिळू शकतं, खात्री नाही. "कोर्टातून निर्वासित दर्जा आणून देतो" म्हणणाऱ्याच्या ऑफिसातून चहा न पिता उठावं.

पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, मुलं आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अटकेच्या वेळी ही सोय फार कामाची, निर्वासित अर्जासाठी जवळपास निरुपयोगी.

एजंटबद्दल दोनच वाक्यं. यूएनएचसीआरची नोंदणी, मुलाखत, कार्ड सगळं फुकट असतं, तेव्हा पैसे मागणारा कशाचे मागतोय ते त्यालाच विचारा. आणि त्याच्याकडची तयार "स्टोरी" घेतलीत तर स्वतःची खरी हकीकतही वाया जाते.

तेव्हा क्रम असा: कॉलेजात नाव असेल तर बोनाफाईड घेऊन ई-एफआरआरओ पोर्टलवर विद्यार्थी व्हिसाची मुदतवाढ आधी मागा, त्याला वकील लागत नाही. त्याच आठवड्यात दिल्लीच्या संस्थेला लिहा. मुंबईतल्या वकिलाला एकदा भेटून ठेवा, वकीलपत्र मात्र गरज पडेल तेव्हाच. त्या भेटीत दोन गोष्टी विचारा: परदेशी नागरिकाची रिट आधी चालवली आहे का, आणि शनिवारी रात्री पोलीस स्टेशनमधून फोन आला तर तो कोण उचलणार.