सीमॉस सेल आणि बायोस रीसेटची इंदूरमधली सेवा: बोर्डाचं काम चोख, कनेक्शनचं मागून घ्यावं लागतं

आर.एन.टी. मार्गावर सिल्व्हर मॉलच्या आसपास कॉम्प्युटर दुरुस्तीची दुकानं दाटीवाटीने आहेत. त्यांतल्याच एका दुकानाच्या सेवेबद्दल हे लिहितोय: डेस्कटॉपचा सीमॉस सेल (वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा बटणासारखा सेल) बदलणं, बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) रीसेट करणं, म्हणजे त्याची सेटिंग्ज मूळपदावर नेणं, आणि हवं असल्यास ऑफिसात येऊन मशीन परत लावून देणं. मदरबोर्डाच्या कामाला पाचपैकी पाच तारे. पण मशीन परत आलं की टॅली सर्व्हरला लागत नाही, जीएसटीचं पोर्टल उघडत नाही, जुना प्रिंटर गप्प. दुकानाच्या लेखी विंडोजचा डेस्कटॉप दिसला की काम संपलं. म्हणून एकूण तीनच.

आधी चांगलं ते. सेल सुट्टा न देता सीलबंद पाकिटातला सीआर२०३२ देतात आणि बसवण्याआधी समोर मल्टिमीटर लावून दाखवतात. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वरच दिसायला हवा. २.८ च्या खाली गेलेला सेल आज चालला तरी ठेवू नये. मापही बघून घ्या: २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. २०२५ तेवढ्याच व्यासाचा पण २.५ मिलिमीटरचा असतो. तो होल्डरमध्ये बसतो, पण सैल राहतो आणि मशीन हललं की घड्याळ पुन्हा मागे. इथला कारागीर सेल स्क्रूड्रायव्हरने उपटत नाही. बाजूची क्लिप नखाने मागे ओढतो, सेल आपोआप वर येतो, आणि अधिक खुणेची बाजू वर ठेवून नवा दाबतो. क्लिप एकदा वाकली की बोर्ड चांगला असूनही संपर्क जातो, त्यामुळे ही काळजी मोलाची. रीसेटही पद्धतशीर: पॉवरची वायर काढून, मग जंपर, म्हणजे बोर्डावरच्या रीसेटच्या पिना, शॉर्ट करून. आसूसवर त्या पिनांशेजारी सीएलआरटीसी छापलेलं असतं, एमएसआयवर जेबॅट१, गिगाबाइटवर सीएलआर सीमॉस.

सेल लवकर का संपतो, हेही त्यांनी गिऱ्हाइकाला सांगायला हवं. मशीन बंद असलं तरी भिंतीचं बटण चालू असेल तर घड्याळ एसएमपीएसच्या (मशीनच्या पॉवर सप्लायच्या) स्टँडबाय विजेवर चालतं, सेल खर्ची पडत नाही. आपल्याकडे दुकान वाढवताना मेन स्विचच खाली पाडतात. मग रोज रात्रभर, आणि दिवाळीच्या सुट्टीत दिवसरात्र, घड्याळाचा सगळा भार सेलवर येतो.

आता जिथे गाडी अडते ते. रीसेटनंतर बोर्डाची तारीख कित्येक वर्षं मागे जाते. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. मशीनच्या मते आज ती सुरुवात झालेलीच नसेल तर ब्राउझर दार लावून घेतो. क्रोम स्वच्छ सांगतो, ‘युवर क्लॉक इज बिहाइंड’. पण बाकीची सॉफ्टवेअरं एवढी स्पष्ट बोलत नाहीत. ती फक्त ‘अनेबल टू कनेक्ट’ म्हणतात, आणि माणूस राउटर बंद-चालू करत बसतो. डिजिटल सहीच्या टोकनलाही हाच नियम लागू.

‘इंटरनेट लागलं की वेळ आपोआप नीट होईल’ असं दुकानात सांगतात, ते भरवशाचं नाही. डोमेनला (कंपनीच्या सर्व्हरवरून चालणाऱ्या नेटवर्कला) न जोडलेल्या विंडोज मशीनवर आपोआप दुरुस्तीची मर्यादा मुळात १५ तासांची आहे. फरक त्याहून मोठा असला की टाइम सर्व्हिस तो मान्यच करत नाही. म्हणून क्रम असा: आधी बायोसमध्ये तारीख-वेळ हाताने घाला. मग विंडोजमध्ये टाइम झोन ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ आहे ना ते बघा, आणि शेवटी ‘सिंक नाऊ’ दाबा. एका जागी विशेष सांभाळा. बऱ्याच बायोसमध्ये आधी महिना आणि मग दिवस असतो. ३ ऑगस्ट घालायचा म्हणून ०३/०८ टाकलं की होतो ८ मार्च. वर्ष बरोबर, आकडे ओळखीचे, त्यामुळे नजरेला काही खटकत नाही. मात्र आजकाल कित्येक प्रमाणपत्रं ९० दिवसांचीच असतात, त्यामुळे काही साइट उघडतात आणि काही नाही. असा अर्धामुर्धा बिघाड दिसला की सर्वात आधी महिना तपासा.

वेळ ठीक करूनही काही सॉफ्टवेअर रुसलेलीच राहतात. अभियांत्रिकीच्या पॅकेजांत चालणारं फ्लेक्सनेट लायसन्स घड्याळ मागे नेल्याची नोंद घेतं आणि उणे ८८ नंबरची एरर देतं. तारीख चुकून पुढच्या वर्षात गेली आणि त्या काळात फायली सेव्ह झाल्या, तर खरी तारीख घातल्यावर हीच एरर येते. त्या पुढच्या तारखेच्या फायली शोधून हटवल्याशिवाय ती जात नाही.

ब्राउझर सगळं उघडतोय आणि फक्त ऑफिसातलं सॉफ्टवेअर लागत नाही, तर दोष घड्याळात नाही, आतल्या नेटवर्कमध्ये आहे. सर्व्हरचा आयपी बदललाय का बघा. वायर दुसऱ्या नेटवर्क कार्डात गेली, की हाताने दिलेला आयपी जुन्या कार्डासोबत मागे राहतो आणि मशीन राउटरकडून नवा घेतं. टॅलीचा लायसन्स सर्व्हर सहसा ९९९९ पोर्टवर असतो. क्लायंटवर जुनाच पत्ता लिहिलेला असेल तर ते बिचारे रिकाम्या दारावर टकटक करत राहतात. विंडोजने नेटवर्क ‘पब्लिक’ धरलं असेल तर ते ‘प्रायव्हेट’ करा, नाहीतर फायरवॉल बाहेरच्यांना आत येऊ देत नाही. आणखी एक सेटिंग दुकान हमखास विसरतं: ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’. बहुतेक बोर्डांवर रीसेटनंतर ते ‘पॉवर ऑफ’वर जातं. लाइट जाऊन आली की पूर्वी सर्व्हर आपोआप उठायचा, आता उठत नाही, आणि सकाळी सगळे क्लायंट ‘सर्व्हर मिळत नाही’ म्हणतात.

छावणी किंवा लक्ष्मीबाई नगर मंडीत धर्मकाट्याला (गाड्या तोलण्याच्या वजनकाट्याला) जोडलेलं मशीन असेल, तर या दुकानात देण्याआधी तसं आवर्जून सांगा. काट्याचा इंडिकेटर सीरियल पोर्टने बोलतो. सॉफ्टवेअरमध्ये कॉम१ लिहिलेलं असतं आणि रीसेटनंतर पोर्ट बंद किंवा बदललेला असू शकतो. बायोसच्या सुपर आयओ पानात सीरियल पोर्ट चालू करून पत्ता ३एफ८ आणि आयआरक्यू ४ द्या. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो कॉम१ म्हणूनच दिसतो ना, ते बघा. बॉड रेट (पोर्टवरून माहिती जाण्याचा वेग) सॉफ्टवेअरच्या बाजूचा, त्याचा बायोसशी संबंध नाही, त्याला हात लावू नका. पावतीचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पॅरलल पोर्टवर असेल तर त्याच पानात पत्ता ३७८, आयआरक्यू ७, आणि मोड पूर्वीचाच ठेवा.

सर्वात गंभीर भाग टीपीएमचा, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या सुरक्षा चिपचा, आणि इथे सेवेवर माझा खरा आक्षेप आहे. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू आहे का, हे दुकान विचारतच नाही. सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारं सेटिंग) किंवा टीपीएमच्या सेटिंगमध्ये बदल झाला की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात किंवा छापलेल्या कागदावर नसेल तर डेटा गेला. काही एएमडी बोर्ड एफटीपीएम (प्रोसेसरमधलाच टीपीएम) रीसेट करायचा का असं विचारतात, वाय किंवा एन. रिकव्हरी की हातात असल्याशिवाय वाय दाबू देऊ नका. एफटीपीएम पुसला गेला की विंडोजचा पिन चालत नाही, आऊटलूक आणि टीम्स साइन-इनला अडतात आणि टीपीएम बिघडल्याची एरर येते. तिथे खातं काढून पुन्हा जोडावं लागतं. म्हणून मशीन देण्याआधी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा आणि रिकव्हरी की जवळ ठेवा.

बाकीचं थोडक्यात. डॉकर, डब्ल्यूएसएल किंवा व्हर्च्युअलबॉक्स चालत नसेल तर व्हर्च्युअलायझेशन (एका मशीनमध्ये दुसरं चालवण्याची सोय) बंद झालंय. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये ते लगेच दिसतं, एएमडीवर त्याचं नाव एसव्हीएम. व्हॅलोरंट गेम व्हॅन९००३ एरर दाखवत असेल तर सिक्युअर बूट तपासा. विंडोज सुरूच न होता निळा पडदा येत असेल तर साटा मोड (डिस्क जोडण्याची पद्धत) पूर्वीसारखा आहे का, एएचसीआय की रेड, ते बघा. त्यासाठी कुणी फॉरमॅट सुचवला तर साफ नाही म्हणा.

या दुकानात पुन्हा काम द्यावं का? द्यावं, पण दोन अटी घालून. रीसेटआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो. आसूस, गिगाबाइट, एमएसआयच्या बहुतेक नव्या बोर्डांवर फॅट३२ पेनड्राइव्ह लावून एफ१२ दाबलं की चित्र सेव्ह होतं, त्यामुळे वेळ नाही ही सबब चालणार नाही. आणि पैसे देण्याआधी त्यांच्याच टेबलावर मशीन बंद करून वायर काढायला सांगा, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा लावून घड्याळ बरोबर आहे का ते बघा, आणि समोरच जीएसटी पोर्टल उघडून घ्या.