पोस्टडॉक कुठे करायचा: मोठी लॅब की नवीन पीआयची (लॅबप्रमुखाची) छोटी लॅब?

पुढेमागे स्वतःची लॅब काढायचीय असं ज्यांच्या मनात पक्कं आहे त्यांच्यासाठीच हे लिहितोय, इंडस्ट्रीत जाणार असाल तर गणित वेगळं. मी पीएचडी मोठ्या लॅबमध्ये केली, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं काही वर्षांचं संशोधनाचं काम) मुद्दाम छोट्या लॅबमध्ये, आणि आता स्वतःची लॅब चालवतोय.

मोठ्या लॅबचे फायदे खरे आहेत. सिक्वेन्सिंगला पैसे आहेत का असं विचारावं लागत नाही, क्लोनिंग अडलं तर शेजारच्या बेंचवर कुणीतरी ते आधीच करून झालेलं असतं, आणि अर्जावर त्या पीआयचं नाव दिसलं की निवड कमिटी जरा नीट वाचते. पीआय फारसा भेटत नाही, पण सीनियर लोक चांगले असतील तर त्यावाचून अडत नाही.

मला खटकली ती एकच गोष्ट. निघताना प्रोजेक्ट तुमचा राहत नाही. आमच्याकडचा एक अतिशय हुशार सीनियर फॅकल्टीच्या मुलाखतींची तयारी करत होता आणि पुढची पाच वर्षं तो जे करणार म्हणून सांगत होता त्यावरच लॅबमध्ये नवीन आलेला पोस्टडॉक कामाला लागला होता! स्ट्रेन्स, प्लास्मिड असं प्रयोगाचं साहित्य मागून मिळतं हो, पण संशोधनाचा प्रश्न मिळत नाही, आणि एक टेक्निशियन हाताशी घेऊन अख्ख्या लॅबशी शर्यत कशी लावणार?

उलट कॅरल ग्रायडर बघा. १९८४ मध्ये बर्कलीत एलिझाबेथ ब्लॅकबर्नकडे पीएचडी करताना तिला टेलोमरेजचा (गुणसूत्रांची टोकं राखणाऱ्या एन्झाइमचा) माग लागला, १९८८ ला फेलो म्हणून कोल्ड स्प्रिंग हार्बर या संशोधन संस्थेत गेली तेव्हा तोच विषय घेऊन गेली, आणि २००९ च्या नोबेलमध्ये दोघींची नावं होती. अशी मोकळीक देणारा गाइड मिळणं फार मोठी गोष्ट आहे.

छोट्या लॅबमध्ये धाकधूक असतेच, ग्रँट संपली तर काय, शिवाय नव्या पीआयला स्वतःची नोकरी पक्की करायची असते म्हणून पेपरची घाई. पण ग्रँट कशी लिहितात, ती नाकारली गेल्यावर परत कशी उभी करतात, माणसं कशी निवडतात हे सगळं मी तिथेच शेजारी बसून शिकलो, आणि आज रोज तेच लागतं.

अर्थात नवीन पीआयसुद्धा विषय धरून ठेवणारा निघू शकतो, आणि मोठ्या लॅबमध्येही दिलदार लोक असतात, त्यामुळे सरसकट सांगत नाही. मला विचाराल तर छोटी लॅब. कुठेही जा, मुलाखतीतच विचारा की जाताना मी काय नेऊ शकेन, आणि उत्तर ईमेलवर घ्या. तिथून बाहेर पडलेल्या एकदोघांशी बोला, ते आज कशावर काम करतायत ते बघा.