ब्लॉक दुसरीकडे दाखवायचा असेल तर या लॅबमध्ये जा (गीताभवन, इंदूर)

वहिनींच्या स्तनातल्या गाठीचा पहिला रिपोर्ट इंदूरमधल्याच दुसऱ्या एका लॅबचा. त्यावर फक्त ‘हर-टू 2+’ (हर-टू हे पेशीवरचं, तिला वाढायला लावणारं प्रथिन). पुढे काय करायचं, एक ओळ नाही. काउंटरवर म्हणाले, "बॉर्डरलाइन आहे, डॉक्टरांना दाखवा." 2+ म्हणजे निकाल लागलेलाच नाही, फिश तपासणी (जनुकं रंगीत ठिपक्यांनी मोजायची) झाल्याशिवाय हो की नाही ठरत नाही, हे आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं. ते तीन आठवडे मला अजून टोचतात.

मग दादा आणि मी मेणाचा ब्लॉक (गाठीचा नमुना मेणात बसवलेला असतो तो) घेऊन इथे आलो. इथल्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा विचारलं ते हे, की नमुना फॉर्मलिनमध्ये किती तास होता? 6 तासांपेक्षा कमी किंवा 72 पेक्षा जास्त राहिला, तर तपासणी भरवशाची राहत नाही म्हणे. आधी हे कुणी विचारलंच नव्हतं.

फिश झाल्यावर अंधाऱ्या खोलीत बोलावून स्क्रीनवर दाखवलं. निळ्या पेशीकेंद्रात हिरवे ठिपके दोनच, आणि लाल मात्र खसखस सांडावी तसे. हिरवे ही 17 नंबरच्या गुणसूत्राची खूण, लाल म्हणजे हर-टूचं जनुक. निरोगी पेशीत दोन्ही दोन-दोनच असतात. "काकू, हर-टू हा रिसेप्टर, म्हणजे निरोप आत पोचवणारं प्रथिन, पेशीच्या आवरणात रोवलेला असतो. बाहेरून निरोप यायची त्याला गरज नाही, शेजारच्या रिसेप्टरशी जोडी जमली की आत ‘वाढा’ असा हुकूम जातो. जनुकं इतकी झाली, की असे रिसेप्टर लाखोंनी येतात." मी पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण पेशी इतकी जवळून त्या दिवशी पाहिली.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. म्हणजे वहिनींना ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध लागू. अमेरिकेत त्याला 1998 मध्ये मंजुरी मिळाली. 2014 पासून भारतीय कंपन्यांचंही मिळतं, म्हणून आम्हाला झेपतंय. दर 21 दिवसांनी सलाइनमधून, आणि दर तीन महिन्यांनी इको (हृदयाची सोनोग्राफी), कारण हृदयाच्या स्नायूलाही हाच रिसेप्टर लागतो.

लॅब दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पेशंटला आणू नका, ब्लॉक पुरतो. दुपारी फोन उचलत नाहीत. रिपोर्टला आठ दिवस लागले, पण तारीख सांगितली ती पाळली.

ब्लॉक परत देताना डबीवर नंबर घालून दिला आणि दादाला दोनदा बजावलं: उन्हाळ्यात गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.