बॅटरीसोबत आणखी काय भरावं: टर्मिनल, फवारणी पंप की हॉर्न-लाईट?

गेवराईच्या एका दुकानदार मित्राचा परवा फोन आला. बॅटरीच्या दुकानात आणखी माल भरायला पन्नास हजार बाजूला काढलेत, हॉर्न-लाईटवाला सेल्समन रोज दारात उभा असतो, काय करू? त्याला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो.

नुसत्या बॅटरीत आता फार राहत नाही, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. गिऱ्हाईक मोबाईलवर भाव बघूनच पायरी चढतं, जुन्या बॅटरीचा भंगार भाव त्याला आपल्याआधी कळलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हा तर महिनाभर "किती उतरली?" एवढंच कानावर पडत होतं. शे-दोनशेसाठी बॅटरीचा सौदा मोडतो. टर्मिनलच्या, म्हणजे केबल बॅटरीला आवळणाऱ्या पकडीच्या, जोडीसाठी मात्र कुणी घासाघीस करत बसत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो: पहिला पैसा फिटिंगच्या मालात घाला. टर्मिनल, केबल, लग (केबलच्या टोकाला बसणारी धातूची टोपी), बॅटरी आवळायची पट्टी, बॅटरीचं पाणी, पेट्रोलियम जेली. शोकेसमध्ये हा माल भिकार दिसतो, पण त्याची जागा शोकेस नाहीच. जुनी बॅटरी काढताना टर्मिनलवर साठलेला पांढरा-निळा थर गिऱ्हाइकाला तिथल्या तिथं दाखवायचा, विक्री तिथंच होते. काउंटरवरून "टर्मिनल देऊ का?" विचारलं की उत्तर "नको" असतं, हा माझा पक्का अनुभव.

दुसरं कारण मोठं आहे. स्टार्टर फिरताना दीडशे-दोनशे अँपिअर करंट ओढतो, ट्रॅक्टरचा त्याहून जास्त. टर्मिनल सैल किंवा गंजलेलं असेल तर बॅटरी कितीही नवी असो, गाडी उचलत नाही, चार्जिंगही नीट होत नाही. ऊसतोडीच्या हंगामात एक ट्रॅक्टरवाला आला होता, "मालक, नवी बॅटरी टाकली अन् ट्रॅक्टर उठंना की ओ." बॅटरी तपासली तर १२.६ व्होल्ट, ठणठणीत. टर्मिनल चिरलेलं. त्याचे चार पैसे वाचावेत म्हणून मीच जुनं परत बसवलं होतं! त्याची एक खेप बुडाली, माझी अब्रू गेली. तेव्हापासून फिटिंग झाली की गाडी चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावतो. साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तरच गाडी सोडायची. हा आकडा गिऱ्हाइकाला दाखवला की पुढची वॉरंटीची निम्मी भांडणं होतच नाहीत.

केबल घेताना एक सांभाळा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल बाजारात सर्रास मिळते. तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली तर बंडल परत करा.

बॅटरीच्या पाण्यात नफा किरकोळ, ओझं फार. तरी ठेवाच. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड, त्यातले क्षार आणि लोह प्लेटांचा नाश करतात, आणि "आरओचं टाकलं तर चालतं ना?" हा प्रश्न आठवड्यातून दोनदा येतो. नाही चालत. त्यात परभणी-नांदेडकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या वर जातो, इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी झपाट्याने उतरतं. मी "पाणी फुकट तपासू" अशी पाटी लावली. पाणी तपासायला आलेला माणूस बहुतेक वेळा आणखी काहीतरी विचारतोच.

आता शेतीचा माल. मराठवाड्यात हा भाग मोंढ्याजवळच्या (धान्यबाजाराजवळच्या) दुकानाला सोन्यासारखा आहे, आणि तिथंच हातही पोळतो. पाठीवरच्या फवारणी पंपात १२ व्होल्टची ८ किंवा १२ अँपिअर-तासांची बॅटरी असते. फवारण्या संपल्या की पंप गोठ्यात खुंटीला टांगला जातो. चार्जिंगविना पडून प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि जूनमध्ये बॅटरी मेलेली निघते. म्हणजे मृग ते दसरा नुसती रांग. एका नगामागे सुटणारा पैसा टर्मिनलपेक्षा कितीतरी जास्त. पण दिवाळीनंतर उरलेल्या मालाचं चार्जिंग फळीवर आपोआप उतरत राहतं; दर तीन महिन्यांनी माल चार्ज केला नाही तर तुमच्याच दुकानात त्याचा गोठा होतो.

चार्जरचा घोळ वेगळाच. आता लिथियम बॅटरीचे पंपही आलेत. तीन सेलच्या लिथियम-आयन पॅकला १२.६ व्होल्टला थांबणारा चार्जर लागतो, शिशाच्या बॅटरीचा १४च्या पुढे जातो. पिन सारखी दिसली म्हणून दिला तर पॅक फुगेल, पेटूही शकतो. पंप दुकानात आणायला लावा, मगच चार्जर द्या.

रानडुकरं आणि रोह्यांमुळे (नीलगायींमुळे) झटका मशीनलाही, म्हणजे शेताच्या कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणाऱ्या यंत्रालाही, मागणी आहे. मशीन, बॅटरी आणि छोटी सोलर प्लेट असा जोड एका बिलात जातो. कुणी "तार थेट विजेच्या लाईनवरच जोडून द्या" म्हणाला तर त्याला हात जोडा. त्या तारेने माणसं मेली आहेत.

आणि उधारी. "सोयाबीन निघाल्यावर देतो" हे वाक्य या मालासोबत येतंच. कृषी केंद्रवाल्याला ते झेपतं, आपल्याला नाही.

हॉर्न-लाईटमध्ये कागदावर सगळ्यात जास्त मार्जिन दिसतं. पण सहा महिन्यांत डिझाईन जुनं होतं, नव्या गाडीची वायर कापली की कंपनीच्या वॉरंटीचा वाद आपल्या गळ्यात. शिवाय अनेक सुरांचे, कर्कश हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या ११९व्या नियमाला धरून नाहीत. पोरं तेच मागतात. इन्व्हर्टरच्या ट्रॉल्या चांगल्या जातात, फक्त जागा खातात. एक मांडून ठेवा, बाकीच्या मागवून द्या.

दुकान हायवेवर असेल तर ट्रक-ट्रॅक्टरच्या जाड केबल आणि टर्मिनलवर जोर द्या. मोंढ्यात असेल तर फिटिंगचा माल आत्ता वीस हजारांचा, फवारणीचा मे अखेरीस वीस हजारांचा, तोही पुरवठादार न खपलेला माल परत घेत असेल तरच. उरलेल्या दहा हजारांतून एक चांगला लोड टेस्टर (बॅटरीवर भार टाकून ती तपासणारं यंत्र) आणि मीटर घ्या. ते विकायला नाही, वापरायला.

"अन् त्या सेल्समनचं काय करू?" मित्राने शेवटी विचारलंच. म्हटलं, फ्यूजचा डबा आणि हेडलाईटचे बल्ब तेवढे घे त्याच्याकडून, आणि चहा पाज.