वॅटमीटर : जळगावच्या एका उन्हाळ्याचा अनुभव

वीजबिलावर महिन्याचे एकूण युनिट छापलेले असतात. त्यांतले फ्रिजने किती घेतले आणि कूलरने किती, हे त्यावरून कळत नाही. सॉकेट आणि उपकरण यांच्या मध्ये बसवायचे छोटे वॅटमीटर हा हिशेब वेगळा करून देते. जळगावचा एक पूर्ण उन्हाळा ते वापरल्यानंतर ते घ्यावे असेच मी सांगेन, मात्र त्याने काय मोजता येत नाही हे आधी समजून घ्यावे.

घेताना १६ अँपिअरचेच मागावे. २००० वॅटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, त्यामुळे ६ अँपिअरच्या यंत्रावर तो लावणे धोक्याचे आहे. साठलेले युनिट वीज गेल्यावर पुसले जात नाहीत ना, हेही दुकानातच प्लग काढून पाहावे. मे महिन्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते सर्वांनाच ठाऊक आहे.

यंत्र खरे सांगते का, हे घरच्या घरी तपासता येते. ओट्यावरच्या आमच्या वीजमीटरवर एका युनिटला ३२०० इंपल्स असे छापलेले आहे, म्हणजे एक युनिट वीज खर्च होईपर्यंत त्याचा लाल दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. घरातील बाकी सर्व बंद करून फक्त इस्त्री लावली, तर वॅटमीटर १००० वॅट दाखवत असताना तो दिवा मिनिटाला सुमारे ५३ वेळा लुकलुकायला हवा. आमच्याकडे हा हिशेब जुळला. संध्याकाळी तीच इस्त्री बरीच कमी वॅट दाखवू लागली, तरी तो यंत्राचा दोष नव्हता. दाब २३० वरून २०० व्होल्टपर्यंत उतरला की १००० वॅटची इस्त्री ७५६ वॅटच घेते, आणि उतरलेला दाबही याच पडद्यावर दिसतो.

खरा उपयोग फ्रिजसाठी झाला. त्याचा वापर क्षणाच्या वॅटवरून कळत नाही, कारण कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो. पूर्ण दिवसाचे युनिटच पाहावे लागतात. आमचा जुना फ्रिज पश्चिमेच्या भिंतीला चिकटून होता आणि दुपारनंतर ती भिंत हात लावू देत नाही. तो आतल्या भिंतीकडे घेतला, मागे हात जाईल एवढी जागा सोडली आणि दाराचे सैल झालेले रबर बदलले, तेव्हा रोजचा आकडा स्पष्टपणे खाली आला. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केल्यावरही १० वॅटच्या आसपास घेत राहिला; असा वर्षभर चालू ठेवला तर ८७ युनिट होतात. आता रात्री तो बटणावरूनच बंद होतो.

कूलरबद्दल मात्र मन निश्चिंत झाले. आमचा मोठा कूलर पंपासह २०० वॅटच्या आत राहतो, तर दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना साधारण १५०० वॅट घेतो. वैशाखातील कोरड्या झळांत कूलर उत्तम काम देतो. जूनमध्ये दमटपणा वाढल्यावर त्याची मात्रा चालत नाही, हे खरे.

आता उणीव. छताचे पंखे आणि बोअरची मोटर यांची जोडणी थेट वायरिंगला असते, त्यामुळे ती या यंत्राने मोजता येत नाहीत, आणि खानदेशात पंखे तर दिवसरात्र फिरतात. तेथे खोक्यावरच्या वॅटवरूनच हिशेब करावा लागतो : साधा पंखा सुमारे ७५ वॅट, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा, कमी वीज घेणारा) पंखा ३० च्या आसपास. घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पायऱ्या असल्याने ३०० च्या जरा वर जाणाऱ्या घराला वाचलेले युनिट चढ्या दराचे असतात. अशा घराला या यंत्राचा सर्वांत जास्त फायदा आहे.

पडद्यामागे दिवा नसल्याने फ्रिजमागचा आकडा वाचायला बॅटरी लागते. एकदा घरातील सगळी उपकरणे मोजून झाली की यंत्राचे काम फार उरत नाही, म्हणून दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एकच घेतले तरी पुरे.