जीएनयू मेक, आठ महिन्यांनंतर: ‘मेक क्लीन’ची सवय कशी सुटली

शेतपंपाच्या स्टार्टरला जोडायचा मोबाइल कंट्रोलर आम्ही बनवतो. गेल्या पावसाळ्यात त्याचं फर्मवेअर (आत चालणारा प्रोग्राम) आयडीईमधून, म्हणजे कोड लिहायच्या तयार सॉफ्टवेअरमधून, काढून मेकवर आणलं. मेक म्हणजे कोडच्या फक्त बदललेल्या फाइली पुन्हा कंपाइल करून (मशीनच्या भाषेत आणून) प्रोग्राम बनवणारं, म्हणजे बिल्ड करणारं, साधन. आता थेट एका रात्रीवर येतो.

कॉन्फिगच्या, म्हणजे सेटिंग्जच्या, स्ट्रक्चरमध्ये (एकापाठोपाठ ठेवलेल्या माहितीच्या रचनेत) मोबाइल नंबरच्या आधी एक बाइट वाढवला होता, रिट्राय किती वेळा करायचा त्यासाठी. मेक चालवलं, सहा सेकंदांत बिल्ड, एकही वॉर्निंग नाही. बोर्डावर टाकलं आणि एसएमएस जाईना. सिम बदललं, अँटेना बदलली, मॉडेमचा सप्लाय स्कोपवर पाहिला. पहाटे तीन वाजता मॉडेमकडे जाणारे बाइट एकेक करून छापले, तेव्हा नंबराच्या पुढ्यात ०३ दिसला. रिट्रायचा आकडा नंबराचं पहिलं अक्षर म्हणून जात होता! कॉन्फिगची सी भाषेतली फाइल नव्याने कंपाइल झाली होती, मॉडेमची झालीच नव्हती. ती जुन्याच जागेवरून नंबर वाचत बसली होती.

त्यानंतर माझा विश्वासच उडाला. प्रत्येक वेळी आधी ‘मेक क्लीन’ (बनलेल्या फाइली पुसायची कमांड), मग सगळं पहिल्यापासून. माझ्या आठ जीबीच्या लॅपटॉपवर पूर्ण बिल्डला चार मिनिटं दहा सेकंद लागतात. दिवसाला तीस बिल्ड धरले तर दोन तास नुसते स्क्रीनकडे बघण्यात. मित्र म्हणाला, नवा लॅपटॉप घे. चांगला चालणारा लॅपटॉप मी का टाकू? ‘जे’ला (एका वेळी किती फाइली कंपाइल करायच्या ते सांगणाऱ्या पर्यायाला) आकडा न देता समांतर बिल्डही करून पाहिला, एकदम इतके कंपाइलर सुटले की माउससुद्धा हलेना. ‘जे ४’ दिल्यावर दीड मिनिटावर आलं. तेवढं पुरेसं नव्हतं.

तेव्हा लिहायला बसलो असतो तर पाचपैकी दोन तारे दिले असते, आणि ते अन्यायाचं झालं असतं. मेक सी कोड वाचतच नाही. मेकफाइल नावाच्या फाइलमधल्या नियमांत जे लिहिलंय ते आणि फाइलची बदललेली वेळ, एवढंच त्याला कळतं. मॉडेमची फाइल कुठल्या हेडरवर (स्ट्रक्चरसारख्या सामाईक गोष्टी ठेवायच्या फाइलवर) अवलंबून आहे हे मी कधी लिहिलंच नव्हतं. ते हाताने लिहायचंही नसतं. जीसीसी या कंपाइलरला ‘एमएमडी’ आणि ‘एमपी’ हे दोन पर्याय दिले की प्रत्येक फाइलमागे वापरलेल्या हेडरांची यादी तो स्वतः डी फाइलमध्ये लिहून ठेवतो. त्या डी फाइली मेकफाइलमध्ये इन्क्लूड केल्या, बस. दोन ओळींचं काम. ‘एमपी’ मात्र गाळू नका, नाहीतर एखादं हेडर काढून टाकलं की बिल्ड अडतो.

दुसरा घोटाळा टेस्टचा. ‘मेक टेस्ट’ दोन आठवडे ‘अप टू डेट’ म्हणत होतं आणि मी टेस्ट पास झाल्या असं समजत होतो. प्रोजेक्टमध्ये टेस्ट नावाचा फोल्डर होता, मेकला तीच तयार वस्तू वाटली. ‘टेस्ट’ला फोनी, म्हणजे फाइल नव्हे तर नुसतं कामाचं नाव, म्हणून जाहीर केल्यावर टेस्ट पहिल्यांदा खऱ्या चालल्या आणि तीन फेल झाल्या.

मेकफाइलमध्ये कमांडची ओळ टॅबनेच सुरू करावी लागते. त्या टॅबबद्दल सगळेच बोलतात, तो एडिटरमध्ये एकदा नीट केला की विसरायला होतो. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये मूळ मेक लिहिलं, आणि वापरणारे डझनभर झाले होते म्हणून टॅब तसाच ठेवला.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. कंपाइलरचे पर्याय बदलले तर मेकला पत्ता लागत नाही. डीबग (चुका शोधायचा पर्याय) लावून बिल्ड केला तरी जुन्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल होऊन बनलेल्या) तशाच राहतात. मेकसारखाच बिल्ड करणारा निंजा प्रत्येक फाइलमागची कमांड लक्षात ठेवतो आणि ती बदलली की फाइल पुन्हा बनवतो. मेकने हे आजवर का घेतलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. सर्व ऑब्जेक्ट फाइली मेकफाइलवरच अवलंबून ठेवल्या, पण कमांड लाइनवरून दिलेला पर्याय त्यातूनही निसटतो. शेवटी डीबग आणि रिलीजसाठी दोन वेगळे बिल्ड फोल्डर केले.

पुढच्या प्रोजेक्टला सीमेक (निंजासाठी नियमांच्या फाइली बनवून देणारं साधन) आणि निंजा घेणार आहे. हा मात्र मेकवरच राहील. काल त्याच कॉन्फिगच्या हेडरमध्ये आणखी एक बाइट वाढवला. अकरा फाइली कंपाइल झाल्या, मी मोजल्या. मॉडेमची चौथी होती.